सवडीची किंमत : संगणकाची स्मृती, तिची उष्णता आणि वापरलेल्या मालाचा इतिहास

२०२५ च्या अखेरीपासून संगणकाच्या मेमरीचे भाव असे चढत गेले की, स्वतःचा संगणक जुळवू पाहणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे अंदाजपत्रक कोलमडले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांना थरावर थर रचलेली अतिवेगवान मेमरी प्रचंड प्रमाणात लागते. ती बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. त्यांची उत्पादनक्षमता तिकडे वळली की घरगुती संगणकाच्या वाट्याला कमी माल उरतो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा आपला ग्राहकोपयोगी मेमरीचा व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. गुजरातेतील साणंद येथे मेमरी-चिपांच्या जुळवणीचा आणि चाचणीचा प्रकल्प उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये याच कंपनीने केली होती. देशात मेमरी जुळवण्याची तयारी सुरू असतानाच सामान्य ग्राहकाच्या हातून ती निसटू लागली, असा हा विचित्र योग आहे.

अशा वेळी लक्ष वापरलेल्या मालाकडे वळते. जुनी रॅम स्वस्तात घ्यावी, तिची गती ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवावी, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग करावे, आणि कमी खर्चात नव्या यंत्राच्या जवळपास पोहोचावे, असा हा हिशेब असतो. पंडरी म्हटले की रायपूरकरांना कापडबाजार आठवतो. तिथले जाणते गिऱ्हाईक कापड बोटांत धरून पोत पाहते, उजेडासमोर धरून वीण पाहते. रॅमची पट्टी मात्र कितीही न्याहाळली तरी आतले काही सांगत नाही. मग वापरलेली मेमरी घेणारा नेमके काय विकत घेतो?

या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या स्मृतीच्या इतिहासात आहे आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या देशातूनही जातो. माझ्या मते ग्राहक विकत घेतो ती केवळ साठवण्याची क्षमता नसते. तो ‘सवड’ विकत घेतो. एखादे यंत्र ज्या मर्यादेपर्यंत चालू शकते आणि ज्या मर्यादेपर्यंत ते चालवावे असे निर्माता सांगतो, त्या दोहोंमधले अंतर म्हणजे सवड. अभियंते तिला मार्जिन म्हणतात. ओव्हरक्लॉकिंग करणारा ती खर्च करतो, काळ ती झिजवतो आणि उष्णता ती खाऊन टाकते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या गटाने भारतात रचलेला एक पहिलावहिला संगणक उभारला. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. एकेका शब्दात ४० अंक, असे २,०४८ शब्द तीत मावत. एका अंकाला एक कडे असा हिशेब धरला, तर ही कडी ८१,९२० होतात. आजच्या भाषेत ही दहा किलोबाइट स्मृती झाली. भ्रमणध्वनीवरचे एक साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही.

या स्मृतीचे तत्त्व मोठे सुबक होते. प्रत्येक कड्यातून एक आडवी आणि एक उभी तार जाई. कड्याचे चुंबकत्व उलटवायला जेवढा प्रवाह लागतो, त्याचा निम्मा आडव्या तारेतून आणि निम्मा उभ्या तारेतून सोडायचा. दोन्ही तारा जिथे छेदतात, त्या एकाच कड्याला पूर्ण प्रवाह मिळतो आणि तेवढेच उलटते. बाकीच्यांना एकतर अर्धा प्रवाह मिळतो किंवा काहीच मिळत नाही. म्हणजे सारी मदार एका अटीवर होती : पूर्ण प्रवाहाने कडे हमखास उलटले पाहिजे आणि अर्ध्या प्रवाहाने ते मुळीच उलटता कामा नये. या दोन शक्यतांमधली जागा म्हणजे सवड.

तापमान नेमके या जागेवर अतिक्रमण करते. फेराइट तापले की त्याचे चुंबकत्व उलटवायला लागणारे बळ घटते. कालपर्यंत अर्ध्या प्रवाहाला न जुमानणारे कडे गरम झाल्यावर त्याच प्रवाहाने डळमळू लागते. उलट ते फार थंड झाले, तर पूर्ण प्रवाहालाही दाद देत नाही. म्हणून त्या काळच्या अभियंत्यांना स्मृती नुसती थंड ठेवून भागत नसे. तिचे तापमान स्थिर ठेवावे लागे. आयबीएमच्या ७०९० या मोठ्या संगणकात कड्यांचा गठ्ठा तापमान नियंत्रित केलेल्या तेलात बुडवून ठेवत. त्याच कंपनीच्या १६२० या यंत्रातली स्मृती तर काम सुरू करण्याआधी मुद्दाम तापवली जाई. सुमारे ४१ अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत अर्धा तासही लागे.

हे १६२० यंत्र १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आले आणि देशातल्या संगणकशिक्षणाचा एक महत्त्वाचा पाया त्यावर रचला गेला. रायपूरच्या वाचकाला त्या ४१ अंशांची गंमत वेगळ्याने सांगायला नको. मे महिन्यात आपल्याकडे दुपारची हवाच त्या तापमानाला असते, अनेकदा त्याच्याही वर जाते. परदेशी अभियंत्यांनी ४१ अंश निवडले, कारण थंड देशातल्या कोणत्याही खोलीपेक्षा ते वर होते. खोलीपेक्षा वरचे तापमान नुसत्या तापकाने सांभाळता येते, त्यासाठी शीतक लागत नाही. खोलीच ४३ अंशांवर गेली की हा सारा डाव उलटतो. सवड आखताना आखणाऱ्याच्या मनात कुठली तरी विशिष्ट खोली असते, ही गोष्ट इथे प्रथम लक्षात येते.

वापरलेल्या संगणकांशी आपला संबंधही त्याच काळापासूनचा आहे. १९५९ मध्ये आलेले आयबीएमचे १४०१ हे यंत्र साठच्या दशकात भारतीय कार्यालयांत आणि संस्थांत पोहोचू लागले. परंतु त्यांतली बरीचशी यंत्रे आधी परदेशात वापरून झालेली असत. इथे त्यांची दुरुस्ती आणि नूतनीकरण करून ती भाड्याने दिली जात. आयबीएमने १९७१ मध्ये १४०१ ची विक्री थांबवली, तरी भारतात ती पुढेही राबत राहिली. जगाने टाकून दिलेले तंत्रज्ञान आपल्याला नव्याच्या भावात मिळते, ही टीका तेव्हा वारंवार झाली. संसदेच्या लोकलेखा समितीनेही सत्तरच्या दशकाच्या मध्यात सरकारी खात्यांतील संगणकीकरणाची झाडाझडती घेतली. १९७८ मध्ये, परकीय भागभांडवलाच्या नियमांवरून झालेल्या संघर्षानंतर, आयबीएम देशाबाहेर पडली.

या प्रकरणाला दुसरीही बाजू होती. या जुन्या यंत्रांवर काम करून देशात प्रोग्रामरांची आणि देखभाल अभियंत्यांची एक पिढी तयार झाली. यंत्र जुने असले तरी त्याच्या रचनेत सवड पुरेशी होती, म्हणून ते दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उभे राहू शकले. प्रश्न जुनेपणाचा नव्हताच. त्यात किती शिल्लक आहे हे मोजण्याचे साधन विकणाऱ्याच्या हातात होते, घेणाऱ्याच्या नव्हे. आज जुनी रॅम विकत घेणाऱ्याची स्थिती फारशी निराळी नाही. फरक इतकाच की ते साधन आता त्यालाही उपलब्ध आहे.

फेराइटच्या कड्यांचे राज्य संपवणारी कल्पना १९६६ मध्ये आयबीएमच्याच रॉबर्ट डेनार्ड यांना सुचली. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलेसे धारित्र. धारित्रात विद्युत्प्रभार असला तर एक, नसला तर शून्य. १९६८ मध्ये या रचनेचे एकस्व त्यांना मिळाले. १९७० मध्ये इंटेलने एक हजार चोवीस अंकांची ११०३ ही चिप बाजारात आणली. तिच्या प्रत्येक कोशात एकाऐवजी तीन ट्रान्झिस्टर होते, तरी प्रभार साठवून लक्षात ठेवण्याचे तत्त्व तेच होते. त्यानंतर काही वर्षांतच फेराइटच्या कड्या मागे पडल्या.

मात्र या नव्या स्मृतीत एक विलक्षण दोष जन्मजात होता. कड्याचे चुंबकत्व वीज गेली तरी टिकून राही. धारित्रातला प्रभार आपोआप गळून जातो. आजच्या चिपेतले धारित्र सुमारे दहा फेम्टोफॅरडचे धरले आणि त्यावर एक व्होल्टचा दाब मानला, तर त्यात साठ हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन मावतात. पाण्याच्या एका थेंबातही याच्या अब्जावधी पट इलेक्ट्रॉन असतात. एवढ्याशा पुंजीला गळती लागली की ‘एक’चा ‘शून्य’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक कोश ठरावीक काळाने वाचून पुन्हा भरावा लागतो. याला रिफ्रेश म्हणतात आणि ‘डायनॅमिक’ हे विशेषण त्यावरूनच आले. आपला संगणक नुसता स्वस्थ बसलेला दिसतो, तेव्हाही त्याची स्मृती सेकंदात कित्येक वेळा स्वतःची उजळणी करत असते.

ही गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. अर्धवाहकात उष्णतेमुळे मोकळे होणारे प्रभारवाहक तापमानाच्या घातांकी प्रमाणात वाढतात. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना गळती साधारण दुप्पट होते. म्हणूनच डीडीआर ४ मेमरीच्या प्रमाणित नियमांत ८५ अंशांपर्यंत प्रत्येक कोश ६४ मिलिसेकंदांत एकदा भरायचा असतो आणि त्यावर ९५ अंशांपर्यंत ३२ मिलिसेकंदांत. याच नियमाची उलट बाजू २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवली. चिपा उणे ५० अंशांपर्यंत गार केल्या, तर वीज काढून घेतल्यावर दहा मिनिटांनीही त्यांतले एक टक्क्याहून कमी अंक पुसले गेले होते. थंडी स्मृतीचे आयुष्य वाढवते, उष्णता ते कमी करते. हे वाक्य इथे अक्षरशः खरे आहे.

इथे कुणी म्हणेल, ८५ अंश तर फार दूर आहेत, मग काळजी कशाला? निर्मात्याने दिलेल्या गतीवर आणि दाबावर चालवणार असू, तर खरेच फारशी काळजी नाही. निर्मात्याने ती सवड राखूनच आकडे छापलेले असतात. ओव्हरक्लॉकिंगचा सारा इतिहास म्हणजे या राखीव सवडीवर हात घालण्याचा इतिहास आहे. १९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा एक स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर ४५० वर सहज धावतो असे लोकांना आढळले आणि तो हौशी मंडळींत दंतकथा बनून राहिला. पण त्यासाठी बसची गती ६६ वरून १०० वर न्यावी लागे, आणि ती पेलणारी मेमरीही हवी असे. पुढे मेमरीच हौसेचा विषय झाली. २००० च्या दशकाच्या आरंभी विनबाँड कंपनीच्या ‘बीएच-५’ या चिपा जास्त दाब सोसतात म्हणून शोधून शोधून घेतल्या जात. डीडीआर ४ च्या काळात तोच मान सॅमसंगच्या ‘बी-डाय’ला मिळाला. या चिपांचे उत्पादन थांबले तरी वापरलेल्या मालाच्या बाजारात त्यांना मागणी राहिली. कारण उघड आहे : त्यांत सवड जास्त होती.

ही सवड किती उष्णतेच्या मोबदल्यात मिळते याचा साधा हिशेब मांडू. चिपेत खर्च होणाऱ्या गतिक शक्तीचे प्रमाण दाबाच्या वर्गाशी आणि गतीशी असते. डीडीआर ४ चा प्रमाणित दाब १.२ व्होल्ट असतो. तो १.३५ वर नेला, तर दाबामुळे शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी गती २४०० वरून ३२०० वर नेली, तर ती आणखी एक तृतीयांशाने वाढते. दोन्ही मिळून जवळजवळ १.७ पट. एका पट्टीची शक्ती काही वॅटच असते, त्यामुळे ही वाढ किरकोळ वाटते. पण दोन-चार पट्ट्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि शेजारच्या ग्राफिक्स कार्डाची गरम हवा त्यांच्यावरून जाते. प्रतिसादाचा काळ घट्ट आवळलेला असतो, तेव्हा निर्मात्याने राखलेली सवड आपण आधीच खर्चून बसलेलो असतो. अशी पट्टी ८५ अंशांच्या कितीतरी आधी, पन्नाशीतच चुका करू लागू शकते.

पट्ट्यांवर बसवलेल्या चकचकीत धातूच्या कवचाचाही असाच इतिहास आहे. शतकाच्या वळणावर आलेल्या रॅम्बसच्या मेमरीला त्याची खरोखर गरज होती, कारण तिच्या रचनेत भार एकाच चिपेवर एकवटू शकत असे आणि ती उष्णता पसरवावी लागे. पुढे हे कवच शोभेचे झाले. धातू उष्णता पसरवतो, पण ती वाहून नेते ती हलणारी हवा. पट्ट्यांवर सौम्य वारा सोडणारा एक लहान पंखा महागड्या कवचापेक्षा बहुधा अधिक उपयोगी ठरतो.

आता वापरलेल्या मालाकडे परत येऊ. टोरोंटो विद्यापीठातील बिआंका श्रोडर आणि गुगलमधील दोन संशोधक यांनी २००९ मध्ये त्या कंपनीच्या असंख्य सर्व्हरांमधल्या मेमरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका वर्षात आठ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलांत किमान एक चूक नोंदली गेली होती. वापराच्या पहिल्या दीड वर्षातच वयाबरोबर चुका वाढू लागल्याचे दिसले. तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला. वरवर पाहता हे आपल्या मुद्द्याच्या विरुद्ध जाते. पण ती यंत्रे नियंत्रित हवेत, प्रमाणित गतीवर चालत होती. त्यांची सवड शाबूत होती. सवड शाबूत असताना तापमान काही अंशांनी वर-खाली झाले तरी फरक पडत नाही. ती संपलेली असताना तेच काही अंश निर्णायक ठरतात.

शिवाय त्या सर्व्हरांत चूक पकडणारी आणि दुरुस्त करणारी व्यवस्था होती. घरच्या संगणकात ती सहसा नसते. मेमरीतला एक अंक उलटला तर संगणक दर वेळी बंद पडतोच असे नाही; कित्येकदा तो निमूटपणे चुकीचे उत्तर देतो. २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त मिळाल्याचे आढळले. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच अंक उलटला असावा, असाच निष्कर्ष त्यावरून काढला गेला. तिथे बेरीज जुळेना म्हणून चूक सापडली. रात्रभर चालणारे गणित सोडवून त्याचा आलेख प्रबंधात लावणाऱ्या विद्यार्थ्याजवळ असा ताळा नसेल, तर त्याला काहीच कळणार नाही. स्वस्तातल्या रॅमची खरी जोखीम खेळ अडखळण्यात नसून या निमूट चुकीत आहे.

मग पंडरीतल्या एखाद्या खोलीत हा प्रयोग करूच नये का? जरूर करावा, मात्र सवड स्वतः मोजून. पट्टी आधी प्रमाणित गतीवर चालवावी. मेमटेस्ट८६ सारखा प्रोग्राम रात्रभर चालवून एकही चूक न येण्याची अट ठेवावी. ‘एकच तर आली’ ही सबब चालत नाही. मगच गती वाढवावी, दाब शक्य तितका कमी ठेवावा, आणि दर पायरीवर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. शेवटी गती एक पायरी खाली आणावी. ही मागे घेतलेली पायरी म्हणजे आपण स्वतः राखलेली सवड.

यातला ऋतूचा भाग बहुतेक जण विसरतात. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना उत्तीर्ण झालेली पट्टी मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत नापास होऊ शकते, कारण तिचे तापमान खोलीच्या तापमानावरच रचलेले असते. खोली वीस अंशांनी तापली की पट्टीही जवळजवळ तेवढीच तापते आणि गळती चौपट होते. आपल्या घरातला वाळ्याचा किंवा गवताचा कूलर उन्हाळ्यात चांगली साथ देतो. ४२ अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचा तापमापक २३-२४ अंश दाखवतो. त्यामुळे कूलरची हवा २७-२८ पर्यंत उतरू शकते. पण कूलरचा झोत थेट संगणकावर सोडू नये. त्यातले तुषार आणि पाण्यातले क्षार सर्किटवर बसतात. आणि पावसाळा लागला की हवा आधीच ओली असते, पाणी उडत नाही, कूलर नुसता पंखा होऊन राहतो. म्हणजे वर्षाचा सर्वांत वाईट काळ कधी कधी जूनच्या अखेरीचा असतो, मेचा नव्हे.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर देशापुढेही आहे. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता काढण्यासाठी द्रव थेट चिपांपर्यंत नेणारी व्यवस्था वापरली आहे. मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. पंडरीतल्या खोलीतला विद्यार्थी आणि नवा रायपूरमधील अभियंता या दोघांनाही ते साठ हजार इलेक्ट्रॉन त्याच उन्हाळ्यात जागच्या जागी ठेवायचे आहेत. एकाला त्यासाठी लहानसा पंखा लागेल, दुसऱ्याला पाणी आणि वीज. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात त्या पाण्याची आणि विजेची किंमत किती, हेही त्याच हिशेबात मांडले गेले पाहिजे.

१४०१ घेणाऱ्या संस्थांना मालाची सवड मोजता आली नव्हती. आज मोजण्याचा प्रोग्राम विनामूल्य मिळतो, तापमापक शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि मे महिना तर आपल्याकडे फुकटच येतो. जुनी पट्टी विकत घेतलीत, तर निकालावर विश्वास ठेवण्याआधी तिची परीक्षा त्या महिन्यातल्या एका दुपारी, कूलर बंद ठेवून, घ्या. खोलीचे तापमानही निकालाशेजारी लिहून ठेवा.